फोटोतला डोंगर

बुधवारी दुपारी मी फोनवर एक फोटो टाकला आणि त्यानंतर रविवार उजाडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी थापताना पीठ परातीबाहेर सांडायचं. हंडा भरून वाहायला लागला तरी कळायचं नाही. जाऊ म्हणाली, "अंगात आलंय का गो तुज्या?" मी हसले. मला बोलायचं नसलं की मी हसते. लग्नाला अठरा वर्षं झाली, बरंचसं मी हसूनच भागवलं आहे.

त्या चार दिवसांचंच लिहायचं आहे. पण ते कळायला फोन कसा घेतला तिथून सुरुवात करावी लागेल.

आधी माझ्याकडे बटणाचा फोन होता. त्याचं काही वाईट नव्हतं. एकदा ओट्यावरून पडला, एकदा भाताच्या कोंड्यात दोन दिवस राहिला, तरी वाजत होता. पण आमच्या बचत गटातल्या बायकांचे निरोप हळूहळू मोठ्या फोनवर यायला लागले. मिटिंग कधी, वही कोणाकडे, सगळं तिथंच. एकदा मी डोक्याला तेल लावून, चांगली साडी नेसून समाजमंदिरात जाऊन बसले. तिथं मी आणि एक कुत्रं. मिटिंग आदल्या दिवशीच झाली होती. घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही, पण नवऱ्याला कळलंच. तो मुरबाडला कारखान्यात पाळीवर जातो, आणि वाडीतली बातमी त्याला जीपमध्ये आमच्या आधी कळते. म्हणाला, "चल, तुला मोठा फोन घेऊ. नायतर कुत्र्याबरोबर गट काढशील."

भाताची झोडणी होऊन गेली होती तेव्हा. मुरबाडला फोनच्या दुकानात काचेच्या आत फोन मांडून ठेवले होते, सगळे एकसारखे काळे. दुकानदाराने चार काढून समोर ठेवले. हा कॅमेऱ्याला चांगला, ह्याची बॅटरी दोन दिवस चालते, ह्यात इतके जीबी. नवरा मान हलवत होता. त्यालाही जीबीतलं किती कळत होतं देव जाणे. मला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. मराठी अक्षरं मोठी दिसतात का, आणि एका हातात मावतो का. पण दुकानात आणखी तीन पुरुष उभे होते, त्यामुळे माझ्या तोंडून शब्द निघेना.

दुकानदार म्हणाला, "ताई, हात लावून बघा."

मी बोट लावलं. काही झालं नाही. परत लावलं. नवऱ्याने लावलं तर काच लगेच सरकली. दुकानदाराने फडक्याने काच पुसली, मग माझ्या बोटांकडे बघून फडकं माझ्याच हातात दिलं. त्याला वाटलं हात ओले आहेत. हात कोरडेच होते. कापणीत विळा धरून धरून बोटांची कातडी जाड झाली होती आणि टोकांना भेगा होत्या. "बोटाच्या ठशाने उघडतो हा," असं म्हणून त्याने माझी दहाही बोटं एकामागून एक ठेवून बघितली. एकही ठसा त्या फोनने घेतला नाही. मागे उभे असलेले पुरुष बघत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मी बोट दुमडून पेराने टेकवून बघितलं. आमच्यात वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर काकडी कुजते. दाखवायचीच झाली तर बोट दुमडून दाखवायची. हाताला ती सवय होती म्हणून ते सुचलं असेल. पहिला फोन हलला नाही, दुसरा नाही. तिसऱ्याची काच लगेच सरकली. वर, खाली, जिकडे नेली तिकडे.

"हा," मी म्हणाले.

"ह्याचा कॅमेरा साधा आहे ताई."

"राहू दे."

दुकानात मी एवढंच बोलले. कॅमेरा साधा आहे ही गोष्ट मी तेव्हा मनावरही घेतली नाही.

उन्हाळ्यात शहापूरहून माझी भाची आली, माझ्या बहिणीची मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठ दिवस राहिली, करवंदं खाऊन जीभ काळी करून घेतली, आणि माझ्या फोनमध्ये एक नवीन गोष्ट घालून दिली. तिथं लोक दोन-चार ओळी लिहितात. लांब लिहिताच येत नाही. लिहीत गेलं की कोपऱ्यात एक गोल भरत जातो, भरला की थांबायचं.

"मावशी, तू बोलत नाहीस ना, मग लिही," ती म्हणाली. "इथं आपल्या नात्यातलं कोण नाय."

नात्यातलं कोणी नाही हे ऐकून मला ते आवडलं. नाव काय ठेवायचं असं तिने विचारलं. माझं खरं नाव नको म्हटलं. मग तिनेच 'बांधावरची' असं लिहिलं आणि तोंडाच्या जागी आमच्या तांब्याच्या हंड्याचा फोटो लावला.

अक्षरांची बटणं मला जमेनात. कोणती कुठं ते शोधण्यात मनातली ओळ निघून जायची. तेव्हा तिने बोटाने लिहायची सोय करून दिली. पाटीवर लिहितात तसं काचेवर लिहायचं, त्याची छापील अक्षरं होतात. आमच्या माहेरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढ्यापलीकडे जावं लागे आणि मुलींना कोणी पाठवत नसे. त्यानंतर मी सही सोडून फारसं काही लिहिलं नव्हतं. दुमडलेल्या बोटाने 'आज' असं लिहिलं आणि ते काचेवर नीट छापून आलं, तेव्हा मी भाचीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघून हसत होती.

पहिली ओळ मी अशी लिहिली : आज तांदळाची भाकरी फुगली नाही. पाणी नीट उकळलं नव्हतं.

दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका बाईने लिहिलं, आमची ज्वारीची पण कधी कधी रुसते. मी ते चार वेळा वाचलं. माझ्या भाकरीचं अकोल्याला काय पडलं होतं? पण बरं वाटलं. नंतर मी लिहीत गेले. कोंबडीने अंडी कुठं लपवली. सासूच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधला. शेवळांची रानभाजी निवडताना हाताला खाज आली. लोक आवडलं म्हणून लाल बदाम पाठवायचे. माझं लिहिलेलं वाचणारी माणसं चाळीस झाली, मग सत्तर झाली.

सुख म्हणावं तर त्याच्याबरोबर एक चुळबुळही लागली. आमच्याकडे घरात रेंज येत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे दगडांचा ढीग आहे, त्यावर उभं राहिलं की येते. मी दिवसातून दहा वेळा खुराड्याकडे जायला लागले. कोणी काय लिहिलं, किती बदाम आले. हातातलं काम अर्धं टाकून जायचं आणि काही नसलं की तसंच परत यायचं. सासू ओट्यावर बसून बघायची. म्हणायची, "कोंबडी बसायच्या आधी तूच खुडूक बसतेस काय गो?"

सासूला मी आई म्हणते. आता तिच्यामुळे हे सगळं का बिघडलं ते लिहिते. म्हणजे बिघडवलं मी, ती बिचारी विश्वासाने वागली.

श्रावणात डोंगराच्या उतारावर वारुळांच्या कडेला अळंबी येते. पांढरी, छत्रीसारखी. मटणाला मागे सारील अशी चव. ज्याला जागा माहीत असते त्यालाच मिळते, कारण दरवर्षी ती त्याच वारुळाशी येते. म्हणून जागा कोणी कोणाला सांगत नाही. शेजारणीला नाही, बहिणीलासुद्धा नाही. आमच्या घरची जागा सासूला तिच्या सासूने दाखवली होती. तिच्या आधीचं माहीत नाही. घरात त्या जागेचं नावही घेत नाहीत. "तिकडं जाऊन आले," एवढंच म्हणायचं.

दोन वर्षांपासून सासूचे गुडघे गेले. यंदा तिने मला बोलावून जागा सांगितली. मोठ्या जावेला नाही, मला. जाऊ शेजारच्याच घरात राहते, चूल वेगळी, ओटा एकच. स्वभावाने चांगली आहे, पण पाणवठ्यावर गेली की येईपर्यंत सगळ्या वाडीची खबर देऊन आणि घेऊन येते.

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाय," सासू म्हणाली. "तू मुकी बरी. उमललेल्या तेवड्या घे, कळ्या ऱ्हाऊ दे. वारूळ उकरू नको. देठ राहतील त्यावर पाला टाक, कोनाला दिसता कामा नये. आन कोनाला बोलू नको. नवऱ्याला पन नाय. त्याला खायाशी मतलब."

जागा सांगताना तिने डोंगराच्या दिशेला बोट दुमडून दाखवलं.

मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तो बुधवार. त्या दिवशी एवढी अळंबी उमलली होती की वारुळाच्या एका बाजूला जागाच दिसत नव्हती. पाऊस थांबला होता, थोडं ऊन पडलं होतं. मला कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. सत्तर माणसं होती की माझी, लांबची, नात्यातली नसलेली. मी खाली बसून फोटो काढला. घरी येऊन टोपली उतरवली आणि सरळ खुराड्यामागे गेले. फोटोखाली लिहिलं : ही आमची. जागा सांगणार नाही.

मला वाटलं, हे लिहून मी जागा राखली.

संध्याकाळी बघितलं तर बदामच बदाम. इतके कधी आले नव्हते. मी हसतच वाचत होते. मग एकाचं आलं. त्याचं तोंड काळ्या चष्म्यात होतं, पाठीवर सामानाची मोठी पिशवी होती. त्याने लिहिलं होतं : ताई, नाही सांगितली तरी कळली. मागे सिद्धगड आहे. ही खाच ज्या बाजूने दिसते ती वाट आम्ही चाललो आहोत. रविवारी येतोच, आठजण.

मी फोटो परत बघितला. वारुळाच्या मागे, करवंदीच्या जाळीवरून, सिद्धगड अख्खा उभा होता. कडा, खाच, सगळं. मी तिथं अळंबीच बघत होते. डोंगर मला दिसलाच नव्हता. जन्मभर तो मागेच असतो, त्याच्याकडे कोण बघतं? साध्या कॅमेऱ्यातही तो बरोबर आला होता.

सासूने मोठीला सोडून मला जागा दिली, का तर मी मुकी. आणि मी ती एका दुपारी सगळ्या जगाला दाखवली.

फोटो काढून टाकायचा कसा हे मला माहीत नव्हतं. टाकायचं भाचीने शिकवलं होतं, काढायचं नाही. मी दिसेल ते दाबत गेले. एकदा तोच फोटो पुन्हा माझ्यासमोर आला, मला वाटलं दोनदा गेला की काय. मग दाबायची भीती वाटायला लागली. भाचीला फोन लावला, बंद. गुरुवारी तीन वेळा लावला, बंद. नवरा रात्रपाळीला होता, दिवसा झोपलेला. त्याला उठवून काय सांगू? जागा त्यालाही माहीत नाही.

जावेला फोनमधलं सगळं कळतं. गटाचे फोटो तीच पाठवते. तिने मला खुराड्यामागे बघितलं आणि आली.

"काय अडलंय? दे इकडं, मी करते."

"काय नाय."

"मग थरथरतेस कशाला? कोन तरास देतो का? नंबर दे, असा झाडते मेल्याला."

मी फोन छातीशी धरला. तिच्याएवढं मदतीला तयार माणूस दुसरं नव्हतं, आणि तिलाच दाखवता येत नव्हतं. मी हसले. ती म्हणाली, "हस. हसून हसून एक दिवस पोटात गोळा व्हयील," आणि गेली.

शुक्रवार तसाच गेला. बेणणीला शेतात वाकले होते, हाताला गवताऐवजी भाताचं रोप यायचं. बदाम वाढतच होते. कोणी विचारत होतं बाजारात मिळेल का, कोणी विचारत होतं विषारी नाही ना. अकोल्याच्या बाईने लिहिलं होतं, किती सुंदर गाव तुमचं. मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, तू तरी डोंगराकडे बघू नको.

शनिवारी सकाळी मी सासूला म्हटलं, बहिणीकडे शहापूरला जाऊन येते, बरं नाही तिला. खोटं बोलले. मुरबाडपर्यंत एक जीप, तिथून शहापूरची दुसरी. मधल्या सीटवर चौघी बसलो होतो आणि माझा पाय सारखा हलत होता. शेजारच्या म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, गाडी तो चालवतो. तू कशाला दाबतेस?" सापगावच्या पुलावर जीप थांबली, पुढून गुरं येत होती. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती आणि मी गुरं मोजत बसले, ती संपेनात.

बहीण घरी नव्हती, भाची होती. तिचा फोन पाण्यात पडून बंद होता, तांदळाच्या डब्यात ठेवला होता. तिने माझ्या हातातून फोन घेतला, तीन ठिपके दाबले, आणखी एकदा दाबलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. ह्याच्यासाठी दोन जीपा करून आलीस मावशी?"

मी खाली बसले. तिने पाणी दिलं. मग मी तिला विचारलं, आता कोणालाच दिसणार नाही ना? तिने उत्तर द्यायच्या आधी जरा शोधलं. आणि फोन माझ्याकडे वळवला. काळ्या चष्म्याच्या माणसाने तो फोटो स्वतःच्या नावाने टाकला होता. खाली लिहिलं होतं, उद्याचा बेत.

"हा आपल्याला काढता येत नाय," भाची म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "मी त्याला लिहू का, काढ म्हणून?"

"नको. लिहिलं तर अजून कळेल की खरी जागा आहे."

परत येताना माझा पाय हलत नव्हता. करण्यासारखं फक्त एकच राहिलं होतं आणि ते मला सोडून कोणाला करता येणार नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी मी ओट्यावर सासूसमोर बसले. ती तंबाखूची डबी उघडत होती. मी सगळं सांगितलं. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोलले नसेन. फोन, भाकरी, अकोला, फोटो, डोंगर, शहापूर, उद्याचे आठजण. डबी तशीच उघडी राहिली.

"दाव," ती म्हणाली.

भाचीने फोटो तिकडून काढला होता, पण माझ्या फोनमध्ये होता. मी धरला. सासूने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. दोन वर्षांत तिने ती जागा बघितली नव्हती.

"खालच्या अंगाला वारूळ वाढलंय," ती म्हणाली. मग फोन मला परत देत, "माजी सासू म्हनायची, ज्या दिवशी जागा बोललीस त्या दिवशी गेली. तिला काय म्हायती, न बोलता पन जाते."

मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए मोठे! इकडं ये गो."

जाऊ हात पुसत आली. सासूने माझ्यासमोर तिला जागा सांगितली. कोणती वाट, कोणती जाळी, कोणतं वारूळ. बोट दुमडून. मग म्हणाली, "एकीला राखता आली नाय. आता दोगी मिळून राखा. उद्या उजाडायच्या आत जा."

जाऊ काहीच बोलली नाही. तिची तसं गप्प राहायची रीत नव्हती. मला वाटलं, तिलाही माझी लाज वाटते आहे.

सकाळी अंधुकसं दिसायला लागल्यावर निघालो. जावेच्या हातात टोपली होती, त्यावर फडकं. ओढा ओलांडल्यावर वाट दोन ठिकाणी फुटते. मी सांगायच्या आधी ती वळली. पुढे करवंदीच्या जाळीला वळसा घालायचा असतो, तोही तिने बरोबर घातला. वारुळाशी आल्यावर मी तिच्याकडे बघितलं.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "पाच वर्सं येते. म्हातारीच्या मागनं एकदा लपून आलेले. अर्धी घेते, अर्धी तिला ठेवते. कळ्यांना हात लावत नाय."

"आणि कोणाला बोलल्या नाय?"

"मी?" ती वैतागली. "बोलायचं ते बोलावं. हे बोलायचं हाय का?"

मला हसायला आलं, खरं हसू. मग रडायलाही आलं. ती म्हणाली, "रडायला टाइम नाय, काढ."

उमललेल्या काढून पदरात घेतल्या. कळ्या पुष्कळ होत्या, दोन दिवसांत उमलतील अशा. त्यांच्यावर पाला टाकला. पण फोटो हातात घेऊन येणाऱ्याला पाल्याने काय फसवणार? त्याला वारूळ दिसणारच होतं. मी तेच म्हणाले. जावेने टोपलीवरचं फडकं काढलं. आत हळदकुंकू, दूध, लाह्या, एक नारळ, आणि जास्वंदीची फुलं.

नागपंचमी होऊन आठ दिवस झाले होते.

"श्रावण हाय ना अजून," ती म्हणाली. "वारुळाची पूजा दिसली तर बूट घालून कोन येतो बघू."

"असं खोटं..."

"खोटं कसलं? नीट कर पूजा, म्हंजे खरी झाली."

आम्ही नीट केली. वारुळाला हळदकुंकू वाहिलं, द्रोणात दूध ठेवलं, लाह्या उधळल्या, फुलं पाल्यावर घातली, अगदी कळ्यांवर. मी हात जोडले तेव्हा मनापासून जोडले. काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

ते आले तेव्हा धुकं उतरायला लागलं होतं. आधी आवाज आला, मग लाल-पिवळे रेनकोट. पुढचा माणूस फोन समोर धरून डोंगराशी ताडून बघत होता. चष्मा टोपीवर चढवला होता, तरी मी ओळखलं. ह्याने माझ्या निरगुडीच्या पाल्याला बदाम पाठवला होता. कोंबडीच्या अंड्यांनाही. समोर उभा होता आणि मला ओळखत नव्हता.

ते थांबले. एकाने पायातले बूट बघून दोन पावलं मागे घेतली.

"ताई, इथं अळंबी येते ना?" त्याने विचारलं.

मी जावेकडे बघितलं. बोलायचं काम तिचंच. पण ती दुधाच्या द्रोणावर वाकली होती आणि मुद्दाम वर बघत नव्हती.

"ही देवाची जागा हाय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "वारुळात वस्ती हाय. श्रावणात हितं कोन हात लावीत नाय. तुमी वरच्या वाटेनं जा, ती गडाला जाते."

"फोटो काढला तर चालेल का तुमचा? पूजेचा?"

मी पदर ओढून वारुळाकडे तोंड फिरवलं, आणि नाही म्हणायच्या आत त्याने काढला. मग सगळ्यांनी लांबूनच वारुळाला हात जोडले, एकाने पाच रुपयांचं नाणं ठेवलं, आणि ते वरच्या वाटेला लागले. त्यांचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते. जाऊ म्हणाली, "एवढं बोलता येतं, मग मिटिंगला काय होतं गो तुला?"

घरी आल्यावर सासूने टोपली बघितली. जेवताना तिने अळंबीच्या कालवणाची एक वाटी मोठीच्या घरी पाठवली. इतकी वर्षं ती वाटी कधी गेली नव्हती. मला मात्र तिने दोन दिवस काही काम सांगितलं नाही. पाणी आण नाही, पाला आण नाही. त्या दोन दिवसांत मी घरात कुठंही बसले तरी चुकीच्या जागी बसल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तिकडं जाऊन या दोगी. कळ्या उमलल्या असतील. फोन हितं ठेव." मी फोन तिच्या पुढ्यात ठेवला आणि गेले. तेव्हापासून तसंच चालतं. मी तिकडं गेले की फोन तिच्या मांडीवर असतो.

नवीन काही मी तिथं अजून टाकलेलं नाही. हे भाचीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, इथं गोल भरत नाही. पण खुराड्याकडे जायची सवय गेलेली नाही. काल गेले होते. त्या माणसाने आमचा फोटो टाकला आहे. दोघी पाठमोऱ्या, पदर डोक्यावर, पुढे हळदीने पिवळं झालेलं वारूळ. बदाम माझ्या कुठल्याही ओळीला आले नव्हते इतके. माझी हिरवी साडी मी ओळखली, दुसरं कोणी ओळखणार नाही.

तरी मला राहवेना. मी फोन घेऊन ओट्यावर गेले आणि सासूला दाखवला. तिने माझ्याकडे नाही, जावेकडे नाही, वारुळाकडेही नाही बघितलं. बोट दुमडून फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"मागं डोंगर दिसतोय का गो?"

मी नीट बघितलं. दोनदा बघितलं.

"नाय आई. धुकं हाय."